'करीत आहे' की 'करीत आलो आहे'?

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





अशा प्रसंगी तालीम, तरक्की आणि समाजाची जबाबदारी या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी व्यासपीठावर बसलेली आहेत. मी इंग्रजीचा मास्तर. मला फक्त एका क्रियापदाबद्दल बोलावयाचे आहे. विषय फार लहान वाटेल, पण तो आपल्या मुलांच्या पोटाशी कसा येऊन भिडतो हे मी सांगणार आहे. तेवढा वेळ आपण मला द्यावा.

आपल्या कोणत्याही शाळेत रजेच्या अर्जांचा गठ्ठा उघडून पाहा. त्यात एक वाक्य हमखास सापडेल : 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स मंडे.' मुलगा मोठा होतो, बारावी होतो, पदवीधर होतो, नोकरीचा अर्ज लिहितो, आणि तेच वाक्य कपडे बदलून पुन्हा येते : 'आय ॲम वर्किंग इन धिस शॉप सिन्स फोर इयर्स.' पहिल्या वाक्यात एक चूक आहे, दुसऱ्यात दोन. 'आय हॅव बीन सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स मंडे' आणि 'आय हॅव बीन वर्किंग इन धिस शॉप फॉर फोर इयर्स' असे हवे. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर जेथे प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस, म्हणजे चालू पूर्ण वर्तमानकाळ हवा होता, तेथे मुलाने प्रेझेंट कंटिन्युअस, म्हणजे नुसता चालू वर्तमानकाळ वापरला.

यावर कोणी म्हणेल, अर्थ तर कळला ना? कळला. ताप सोमवारपासून आहे हे हेडमास्तरांना कळले आणि चार वर्षांचा अनुभव आहे हे साहेबालाही कळले. पण ज्याच्या टेबलावर एका जागेसाठी अर्जांची चळत पडली आहे, तो माणूस प्रथम अर्ज कमी करण्याचे निमित्त शोधत असतो. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या, मोहल्ल्यातल्या शाळेचा दाखला जोडलेल्या मुलाने ते निमित्त आपल्या हाताने पहिल्याच ओळीत द्यावे, हे मला सोसत नाही. मुलाची चार वर्षांची मेहनत खरी असते. ती सांगणारे क्रियापद तेवढे खोटे पडते.

आणि प्रत्येक वेळी अर्थ कळतोच असेही नाही. आपल्या कोकणातून आखातात जाणाऱ्या मुलांची परंपरा जुनी आहे. तेथे विमानतळावरचा अधिकारी विचारतो, 'हाऊ लाँग आर यू स्टेइंग हिअर?' मुलाच्या कानावर 'हाऊ लाँग' पडते, 'स्टेइंग' पडते, आणि तो मनात भाषांतर करतो : 'किती दिवसांपासून राहत आहेस?' तो उत्तर देतो, 'सर, आजच आलो.' अधिकाऱ्याने विचारलेले असते की येथे किती दिवस राहणार. मागचे दिवस विचारायचे असते तर त्याने 'हाऊ लाँग हॅव यू बीन स्टेइंग हिअर?' असे म्हटले असते. फरक एवढ्या 'हॅव बीन'चा. 'आर यू स्टेइंग' हे पुढे पाहते, 'हॅव यू बीन स्टेइंग' हे मागे पाहते. पासपोर्ट समोरच्याच्या हातात असताना हा फरक लहान राहत नाही.

आता ही चूक होते कशी ते पाहू. आपण मुलांना आळशी म्हणून मोकळे होतो, ते मला पटत नाही. आपल्याकडे घरी उर्दू, दक्खनी किंवा कोकणी बोली, शाळेत मराठी. मराठीत मूल म्हणते, 'मी दोन तासांपासून वाट पाहत आहे.' उर्दूत म्हणते, 'मैं दो घंटे से इंतज़ार कर रहा हूँ.' दोन्हीकडे क्रियापद चालू वर्तमानाचेच आहे. किती वेळ झाला हे सांगण्याचे काम मराठीत 'पासून' करते, उर्दूत 'से' करते. क्रियापदाला त्याची दगदग नाही. 'मी वाट पाहत आहे' आणि 'मी दोन तासांपासून वाट पाहत आहे' यांत शेवटचा शब्द एकच. म्हणून मूल 'पाहत आहे' म्हणजे 'ॲम वेटिंग' हे एकदा शिकले की ते दोन्हीकडे लावते. त्याच्या घरच्या दोन्ही भाषांनी त्याला तेच शिकविलेले आहे. मुलाची विचारसरणी बिनचूक आहे. ती इंग्रजीला मान्य नाही, इतकेच.

ज्यांनी मदरशात थोडीफार अरबी केली आहे त्यांना आठवेल की अरबीतही 'मुन्झु' हा शब्द लावून मुजारे वापरतात, म्हणजे वर्तमानाचेच रूप. 'मी येथे पाच वर्षांपासून राहतो' असेच अरब म्हणतो. फ्रेंच माणूस 'देप्युइ' लावून साधा वर्तमानकाळ वापरतो, जर्मन 'झाइट' लावून तसेच करतो. तेव्हा या एका बाबतीत मराठी, उर्दू, अरबी, फ्रेंच आणि जर्मन एका पंक्तीला बसल्या आहेत आणि इंग्रजी वेगळ्या पानावर आहे. हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. आपली भाषा गावंढळ म्हणून आपण चुकतो असा जो न्यूनगंड मुलांच्या मनात असतो, तो याने निम्मा उतरतो.

खुद्द इंग्रजीही नेहमी अशी नव्हती. शेक्सपिअरच्या (1564–1616) नाटकात हॅम्लेट पुस्तक वाचत असताना पोलोनियस त्याला काय वाचता म्हणून विचारतो, ते साध्या वर्तमानकाळात विचारतो. आज तेथे कोणताही इंग्रज 'रीडिंग' म्हणेल. 'इंग' लावलेली ही रूपे जागोजागी वापरण्याची सक्ती त्या भाषेत पुढे हळूहळू रूढ होत गेली. असो. इतिहासाने मुलाचे गुण वाढत नाहीत.

गुण आणि त्याहून अधिक म्हणजे जीभ सुधारायची तर उपाय हवा. आपल्याकडे रूढ असलेला उपाय फार सोपा आहे आणि माझ्या मते फार घातक आहे. फळ्यावर लिहून दिले जाते : 'वाक्यात सिन्स किंवा फॉर दिसले की हॅज बीन, हॅव बीन लावा.' मुले रिकाम्या जागा भरतात, गुण मिळतात, सर्व खूश. पण हा नियम खोटा आहे. 'आय ॲम स्टेइंग विथ माय अंकल फॉर अ मंथ' हे वाक्य घ्या. यात 'फॉर' आहे, 'हॅव बीन' नाही, आणि वाक्य शंभर टक्के शुद्ध आहे. अर्थ असा की मी मामांकडे महिनाभर राहणार आहे; कदाचित कालच आलो असेन. 'आय हॅव बीन स्टेइंग विथ माय अंकल फॉर अ मंथ' याचा अर्थ मामांकडे येऊन महिना झाला. पहिले वाक्य ऐकून मामी चहा टाकील, दुसरे ऐकून पाहुणा केव्हा जाणार याचा हिशेब करील. तसेच 'सिन्स इट इज रेनिंग, वुई आर सिटिंग इनसाइड.' येथे 'सिन्स' म्हणजे 'पासून' नव्हे, 'ज्याअर्थी'. येथे कोणी 'हॅज बीन' घातले तर पावसाचा अर्थच बदलला. नियम पाठ केलेला मुलगा ते घालतो, कारण त्याला 'सिन्स' दिसलेला असतो.

म्हणून मी मुलांना शब्द शोधायला सांगत नाही. मराठीकडेच वळायला सांगतो. आपल्या भाषेत एक रूप आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही : 'करीत आलो आहे.' 'आम्ही हे वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत.' 'माझे वडील वीस वर्षे माग चालवीत आले आहेत.' उर्दूतही आहेच : 'यह सिलसिला बरसों से चला आ रहा है.' या 'आलो'कडे नीट पाहा. काम तिकडे कुठेतरी मागे सुरू झाले आणि चालत चालत आत्ताच्या क्षणापर्यंत येऊन पोहोचले. इंग्रजीतील 'हॅव बीन डुइंग' अक्षरशः हेच सांगते. 'हॅव बीन' म्हणजे मागून येथवर येणे आणि 'डुइंग' म्हणजे ते काम.

मग कसोटी अशी. मराठी वाक्यातील 'करीत आहे' काढा आणि 'करीत आलो आहे' घालून पाहा. 'मी चार वर्षांपासून दुकानात काम करीत आलो आहे.' अर्थ टिकला. 'हॅव बीन वर्किंग' लावा. 'मुलगा आत्ता अभ्यास करीत आला आहे.' अर्थ मोडला. 'इज स्टडीइंग' ठेवा. 'यंदा मी नववीला शिकवीत आहे.' येथे 'यंदा शिकवीत आलो आहे' म्हणवत नाही, म्हणून 'आय ॲम टीचिंग द नाइन्थ धिस इयर.' वेळ थोडा असला, म्हणजे 'सकाळपासून पाऊस पडत आला आहे' असे म्हटले, तर कानाला जरा खटकते हे खरे. पण खटकणे वेगळे आणि अर्थ मोडणे वेगळे. मुलांना हा फरक आपोआप कळतो, कारण ती त्यांची स्वतःची भाषा आहे.

याच ठिकाणी एक हुशार मुलगी विचारते, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच, की सर, काम चालू आहे तर त्याला 'पूर्ण' वर्तमानकाळ का म्हणतात? एकाच नावात 'चालू' आणि 'पूर्ण' कसे? प्रश्न रास्त आहे आणि दोष नाव ठेवणाऱ्यांचा आहे. काम पूर्ण झालेले नसते. चार वर्षे पूर्ण झालेली असतात. मोजून हातात आली ती मुदत, तिच्यासाठी 'हॅव' आहे. काम सुरूच आहे, त्यासाठी 'इंग' आहे. एवढे सांगितले की मुलीचे समाधान होते.

'सिन्स' आणि 'फॉर' यांचा घोटाळा मात्र स्वतंत्र आहे. तो वरच्या चुकीला चिकटून येतो म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. मराठीत सोमवार'पासून' आणि चार वर्षां'पासून', दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजीला हे चालत नाही. 'कधी?' या प्रश्नाचे उत्तर असेल तर 'सिन्स' : सोमवार, 2019, ईद, लग्न झाल्यापासून. 'किती?' या प्रश्नाचे उत्तर असेल तर 'फॉर' : चार वर्षे, दोन तास, बराच वेळ. 'सिन्स फोर इयर्स' म्हणणे म्हणजे 'कधी आलास?' या प्रश्नाला 'पाच किलो' असे उत्तर देण्यासारखे आहे. मुले हसतात आणि लक्षात ठेवतात.

आता एक जागा अशी आहे जेथे वरची कसोटी लागू पडत नाही, आणि ती मला या काळातली सर्वात सुंदर जागा वाटते. मूल वर्गात येते, डोळे लाल आहेत. रडणे थांबलेले आहे. आपण मराठीत विचारतो, 'रडत होतीस का?' सरळ भूतकाळ. इंग्रज बाई विचारील, 'हॅव यू बीन क्रायिंग?' रडणे संपले, पण त्याची खूण समोर आहे, म्हणून ते अजून वर्तमानात धरले जाते. रस्ता ओला दिसतो, पाऊस नाही : 'इट हॅज बीन रेनिंग.' बोटांना शाई, कपड्यांना माती, श्वास फुललेला : 'यू हॅव बीन रनिंग.' येथे किती वेळ हे सांगावे लागत नाही. 'सिन्स' नाही, 'फॉर' नाही. शब्द शोधणारा नियम येथे पूर्ण आंधळा ठरतो. मुलांना मी सांगतो की खुणेकडे पाहा. काम थांबले असले तरी त्याची खूण आत्ता दिसते आहे का? मग 'हॅव बीन'.

दुसरीकडे काही क्रियापदे अशी आहेत की त्यांना 'इंग' मुळातच सोसत नाही. 'आय ॲम नोइंग हिम सिन्स चाइल्डहुड' हे वाक्य सुधारताना मूल 'आय हॅव बीन नोइंग' करते आणि आपण बरोबर केले असे समजते. 'आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड' हवे. ओळखणे, माहीत असणे, आवडणे, जवळ असणे या करावयाच्या गोष्टी नव्हेत, त्या असतात. येथेही मराठी मदतीला येते. आपण 'मी त्याला लहानपणापासून ओळखतो' म्हणतो, 'ओळखत आहे' म्हणत नाही. फसवतो तो 'मला माहीत आहे' यातला 'आहे'. तो पाहून मूल 'आय ॲम नोइंग' लिहिते, 'माझ्याकडे सायकल आहे' वरून 'आय ॲम हॅविंग अ सायकल' लिहिते. चालू वर्तमानाचा हा सोस आपल्या सर्व भारतीयांचा आहे. मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकविणारे कवी नसीम इझिकेल (1924–2004) यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता याच सवयीवर रचली आहे. निरोपसमारंभातील भाषण आहे, आणि वक्ता साध्या काळाची पुष्कळ वाक्ये 'इंग' लावून बोलतो. शिक्षकांनी ती जरूर वाचावी. पण वर्गात वाचून दाखविताना जपून. ज्या मुलाचे इंग्रजी तसेच आहे त्याला ती आपली थट्टा वाटेल आणि तो पुन्हा तोंड उघडणार नाही.

ऐकण्याबद्दलही दोन शब्द. बोलताना इंग्रज 'आय हॅव बीन' असे सुटे म्हणत नाहीत. 'आय्व्ह बिन' असे काहीतरी झरकन निघून जाते. 'हॅव' ऐकूच येत नाही. मुलांनी बातम्या ऐकाव्यात, क्रिकेटचे समालोचन ऐकावे, पण ते लुप्त झालेले 'व्ह' कानांनी टिपण्यासाठी ऐकावे. शिक्षकाने एकदा दाखवून दिले की मग ते सर्वत्र सापडू लागते.

पालकांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण पुष्कळ पालक म्हणतात की आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार? महाराष्ट्रात 2000 सालापासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आपले नववीतले मूल आठ वर्षे इंग्रजी शिकत आले आहे. त्याच्याजवळ शब्द आहेत. त्याला विचारणारे कोणी नाही. तुम्ही मराठीत किंवा उर्दूत दोन प्रश्न विचारा. पहिला : 'काय करतोस?' त्याने इंग्रजीत उत्तर द्यावे : 'आय ॲम राइटिंग.' लगेच दुसरा : 'केव्हापासून?' त्याने म्हणावे : 'आय हॅव बीन राइटिंग सिन्स फाइव्ह.' उत्तरात 'हॅव बीन' ऐकू आले की समजा, गाडी रुळावर आहे. एवढे ओळखायला इंग्रजी यावे लागत नाही. स्वयंपाक करता करता अम्मीने हे दोन प्रश्न रोज विचारले तर माझे निम्मे काम होईल.

शिक्षकांनी निबंधाला विषय देतानाही 'माझी आवडती सहल' यापलीकडे जावे. मालेगाव-भिवंडीच्या मुलाच्या घरी माग आहे, कोणाकडे बेकरी आहे, कोणाचे अब्बा शिलाईचे काम करतात, कोणाचे आखातात आहेत. त्याला विचारा, घरात कोण काय काम केव्हापासून करीत आले आहे. 'माय फादर हॅज बीन वर्किंग ऑन लूम्स सिन्स 2004. माय मदर हॅज बीन स्टिचिंग क्लोद्स फॉर टेन इयर्स.' ही वाक्ये मूल पुस्तकातून उतरवू शकत नाही. त्याला घरी जाऊन विचारावे लागते, सालाचा हिशेब करावा लागतो, आणि 'कधी'चा 'सिन्स' व 'किती'चा 'फॉर' हाताखालून जातो. अशा वह्या तपासताना मला मुलांची घरे जितकी कळतात तितकी पालकसभेत कळत नाहीत.

शेवटी तपासणीविषयी, कारण शिक्षकांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' आणि 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स' यांत कोणते बरोबर? दोन्ही. राहणे, काम करणे, शिकविणे या क्रियापदांत दोन्ही रूपे चालतात आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. पुस्तकात एक रूप आहे म्हणून दुसऱ्याचे गुण कापू नयेत. गुण कापायचे ते 'आय लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' याचे, कारण तो म्हणतो आहे की मी आता येथे राहत नाही. नोकरीच्या अर्जात 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' असे लिहिणारा, अजून कामावर असलेला मुलगा स्वतःच्या हाताने स्वतःला कामावरून काढून टाकतो. त्या वाक्याखाली लाल रेघ ओढा, आणि समासात मराठीत लिहा : 'अजून तेथेच आहेस ना?'